चिकटलेली पापणी आणि झटकलेली जबाबदारी

सप्टेंबर 2025 मध्ये ओडिशातील कंधमाळ जिल्ह्यातून आलेली एक बातमी देशभर पसरली. सालागुडा येथील आश्रमशाळेच्या वसतिगृहात झोपलेल्या आठ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर त्यांच्याच सहाध्यायांनी झटपट चिकटणारा गोंद टाकला. मुले जागी झाली तेव्हा पापण्या उघडेनात. त्यांना आधी जवळच्या रुग्णालयात आणि नंतर फुलबाणीच्या जिल्हा रुग्णालयात नेण्यात आले. मुख्याध्यापक निलंबित झाले, चौकशीचे आदेश निघाले आणि थोड्याच दिवसांत बातमी विरून गेली.

त्याच वर्षाच्या जानेवारीत कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातही गोंदाचीच बातमी झाली होती. हानगल तालुक्यातील आडूर येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात सात वर्षांच्या मुलाच्या गालावरील खोल जखम टाके न घालता फेविक्विकने चिकटवण्यात आली. टाक्यांचा व्रण चेहऱ्यावर राहील, असे कारण पालकांना देण्यात आले. पालकांनी त्याचे चित्रीकरण केले, तक्रार झाली आणि फेब्रुवारीत परिचारिका निलंबित झाली.

एका घटनेत गोंद डोळ्यात गेला, दुसरीत तो जखमेत गेला. दोन्ही घटनांचा शेवट निलंबनाने झाला आणि दोन्ही वेळा एक साधा प्रश्न कोणी विचारलाच नाही: असा रुग्ण समोर आला तर पहिल्या पंधरा मिनिटांत आरोग्य केंद्राने नेमके काय करायचे असते? निलंबन ही प्रशासकीय कृती आहे, प्रथमोपचार नव्हे. गुन्हेगार सापडला की ज्ञानाची गरज संपते, अशी समजूत आपल्या आरोग्यव्यवस्थेने आणि वृत्तमाध्यमांनी मिळून रूढ केली आहे. या समजुतीची किंमत महानगरातील रुग्ण सहसा मोजत नाही, कारण त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर नेत्रतज्ज्ञ असतो. ती मोजतो सरगूरसारख्या गावातला रुग्ण.

सरगूर हे म्हैसूर जिल्ह्यातील, कपिला नदीच्या काठचे, तालुक्याचे गाव. पूर्वी ते हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होते. जवळच कबिनीचे धरण, आणि पलीकडे बंदीपूर व नागरहोळेची अरण्ये. जंगलातून विस्थापित झालेल्या जेनु कुरुबांसारख्या आदिवासी समाजांच्या वाड्या याच परिसरात आहेत. म्हैसूर शहर पन्नासहून अधिक किलोमीटर दूर. 1984 मध्ये म्हैसूरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट या संस्थेचे विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल सरगूरमध्ये उभे आहे, ते याच अंतराच्या जाणिवेतून. परंतु प्रत्येक वाडीपाशी रुग्णालय नसते. शेवटची बस निघून गेल्यावर पन्नास किलोमीटरचे अंतर हा भूगोलाचा विषय राहत नाही, तो उपचाराचा विषय होतो.

गोंद मात्र सर्वत्र पोहोचला आहे. किराणा दुकानात तो पाच-दहा रुपयांना मिळतो. तुटलेली चप्पल, फुटलेली बादली, शाळेतील हस्तकला, मोबाइलची दुरुस्ती, सगळीकडे तीच इवलीशी नळी. नळीचे तोंड टोचून उघडताना थेंब उडतो. वाळलेले तोंड मोकळे करण्यासाठी नळी दाबली की आतला गोंद चिळकांडीसारखा बाहेर येतो. मूल दाताने झाकण उघडते. अंधुक दृष्टीची आजी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली समजून गोंदाची बाटली उचलते. हा शेवटचा प्रकार कल्पित नाही. औषधाच्या बाटलीशी साधर्म्य असल्यामुळे गोंद डोळ्यात घातला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत 1980 च्या दशकापासून आढळतात. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्ञात असलेल्या अपघाताला ‘विचित्र घटना’ म्हणणे हा अज्ञानाचा कबुलीजबाब आहे.

या गोंदाचे रसायनशास्त्र समजले की अर्धी भीती ओसरते. त्याचे नाव सायनोॲक्रिलेट. 1942 मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ ज्याला लागेल त्याला चिकटून बसे, म्हणून तो बाजूला टाकला गेला. 1951 मध्ये कूव्हर आणि फ्रेड जॉयनर यांना त्याच दोषात गुण दिसला आणि 1958 मध्ये ‘ईस्टमन 910’ या नावाने तो बाजारात आला. हा गोंद वाळून चिकटत नाही, तो ओलाव्याने चिकटतो. हवेतील किंवा त्वचेवरील पाण्याचा अत्यल्प अंश मिळताच त्याचे सुटे रेणू साखळीने जोडले जातात, थोडी उष्णता बाहेर पडते आणि घन पदार्थ तयार होतो.

डोळ्याचे दैव येथेच बलवत्तर ठरते. डोळा अश्रूंनी भिजलेला असतो, त्यामुळे गोंद आत पडताक्षणीच घट्ट होतो आणि खोलवर झिरपू शकत नाही. ओल्या पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर, त्याची पकड टिकाऊ नसते. पारपटलाच्या पृष्ठभागावरील पेशी सतत झडत आणि नव्याने येत असतात, त्यांच्यासोबत गोंदाचा पापुद्राही सुटतो. पापण्यांच्या केसांवर तो अधिक काळ टिकतो, तरीही चिकटलेल्या पापण्या बहुधा एक ते चार दिवसांत आपोआप मोकळ्या होतात. कायमचे अंधत्व ही या अपघाताची नेहमीची परिणती नाही. नेहमीचे परिणाम म्हणजे पारपटलावर ओरखडा, डोळ्याची लाली, वेदना आणि काही केसांचे गळणे.

याच कुळातील गोंद नेत्रतज्ज्ञ स्वतः वापरतात, ही गोष्ट बातम्यांत क्वचितच येते. पारपटलाला बारीक छिद्र पडले तर ते तात्पुरते बुजवण्यासाठी सायनोॲक्रिलेटचा सूक्ष्म थेंब लावून वर संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स बसवण्याची पद्धत अनेक दशकांची आहे आणि भारतातील नेत्ररुग्णालयांतही ती रुळलेली आहे. त्वचेची जखम मिटवण्यासाठी ऑक्टिल सायनोॲक्रिलेटला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये मान्यता दिली. मग आडूरची परिचारिका चुकली कुठे? ती चुकली गोंदाच्या जातीत, निर्जंतुकतेत आणि जखमेच्या निवडीत. वैद्यकीय वापरातील ब्युटिल आणि ऑक्टिल प्रकारांच्या रेणूंची बाजूची साखळी लांब असते, त्यांचे विघटन सावकाश होते आणि ऊतींना त्रास कमी होतो. दुकानातील गोंद बहुधा एथिल प्रकारचा असतो. त्याचे विघटन वेगाने होते, त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी त्रासदायक द्रव्ये सुटतात, आणि तो निर्जंतुक नसतो. हा फरक तिला कोणी, कधी शिकवला होता, हा प्रश्न निलंबनाच्या आदेशाखाली गाडला गेला.

तर मग डोळ्याला खरी इजा कोठे होते? पुष्कळदा गोंद पडल्यानंतर, मदतीला धावलेल्या हातांनी. घाबरलेले आईवडील पापण्या ओढून उघडू पाहतात, पापणीची कातडी आणि पारपटलाचा पृष्ठभाग दोन्ही सोलवटतात. कोणी सांगतो, नखांचा रंग काढण्याचे द्रव्य लावा. त्यातील ॲसिटोन बोटावरचा गोंद विरघळवते हे खरे, पण डोळ्यात गेल्यास ते पारपटलाच्या पेशी जाळते. कोणी रॉकेल सुचवतो, कोणी कात्री उचलतो. आणि शेवटचा, सर्वांत प्रतिष्ठित अपाय आरोग्य केंद्राच्या टेबलावर घडतो: डोळ्याला हातही न लावता कागदावर ‘पुढे पाठवा’ असे लिहिले जाते.

या शेवटच्या अपायावर स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तो शहाणपणाच्या वेषात येतो. ‘डोळ्यासारखा नाजूक अवयव, तज्ज्ञानेच पाहावा’ हे वाक्य ऐकायला जबाबदार वाटते. पण त्यामागे बहुधा अप्रशिक्षितपणाची भीती असते आणि ती भीती रुग्णाच्या अंगावर ढकलली जाते. तज्ज्ञाकडे पाठवणे चूक नाही. काहीही न करता पाठवणे चूक आहे. सरगूरच्या वाडीतून म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र रुग्णालयापर्यंतचा प्रवास हे औषध नव्हे.

पहिल्या टप्प्यावर करायचे काम आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. डोळा कोमट, स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने निदान पंधरा मिनिटे धुवावा. डोळ्यात स्पर्शभिंग म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि ती सहज निघत असेल तर काढावी, ओढू नये. पापण्या घट्ट चिकटल्या असतील तर बळ वापरू नये. ओल्या कोमट कापडाची घडी ठेवत राहावी आणि डोळ्यांसाठीचे प्रतिजैविक मलम पापणीच्या कडेला लावावे, त्याने गोंदाचा पापुद्रा मऊ पडतो. बाहेरून चिकटलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने, डॉक्टरांच्या हाताने, जपून कापता येतात. पापणी थोडी उघडल्यास भूल देणारा थेंब घालून, वरची पापणी उलटून, आत गोंदाचा खडा अडकला आहे काय हे पाहावे. असा खडा प्रत्येक उघडझापीला पारपटल खरवडत राहतो. मग फ्लुओरेसिनच्या पट्टीने डोळा रंगवून निळ्या प्रकाशात ओरखडा शोधावा आणि प्रत्येक डोळ्याची दृष्टी तक्त्यावर स्वतंत्रपणे नोंदवावी.

यांपैकी कोणत्या साधनाला करोडो रुपये लागतात? सलाइनची बाटली, मलमाची नळी, फ्लुओरेसिनची पट्टी, निळा प्रकाश देणारी छोटी विजेरी आणि दृष्टीचा तक्ता. ही सामग्री एका लहान खोक्यात मावते. उणीव वस्तूंची कमी आणि सरावाची अधिक आहे.

दोन निषेधही तितकेच ठळकपणे शिकवले पाहिजेत. भूल देणारे थेंब रुग्णाच्या हाती कधीही देऊ नयेत. वेदना थांबते म्हणून रुग्ण ते घालत राहतो, जखम भरत नाही आणि पारपटल हळूहळू खंगत जाते. दुसरे, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइडमिश्रित थेंब अशा ओरखड्यावर घालू नयेत. शेतीप्रधान प्रदेशात ओरखड्यातून बुरशीचा शिरकाव होतो, आणि स्टेरॉइडच्या छायेत ती बेलगाम वाढते. गोंदाने वाचवलेला डोळा अशा थेंबांनी गमावला जाऊ शकतो.

ग्रामीण केंद्रांना हे जमणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर नेपाळमधील भक्तपूरच्या अभ्यासाने केव्हाच दिले आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पारपटलाच्या ओरखड्यावर क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावले. इजेनंतर 48 तासांच्या आत आलेल्या 442 रुग्णांपैकी 424 जणांचे डोळे जंतुसंसर्गाविना बरे झाले. त्याहून बोलका आहे काळाचा हिशेब. 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्या 284 रुग्णांपैकी एकालाही पारपटलाचा व्रण झाला नाही. 18 ते 24 तासांत आलेल्या 109 जणांपैकी चौघांना झाला. 24 ते 48 तासांत आलेल्या 49 जणांपैकी चौदा जणांना झाला. पुढे मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संबंधित संशोधकांनी दक्षिण भारतातील खेड्यांतही हाच मार्ग चोखाळला.

हे ओरखडे गोंदाचे नव्हते, शेतीकामातले आणि रोजच्या जगण्यातले होते, हा भेद मान्य आहे. पण ओरखडा कोणत्याही कारणाने झाला तरी उघड्या पडलेल्या पारपटलाला काळाचा नियम तोच लागू होतो. रुग्णाला बस मिळेपर्यंत, मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत त्याचा क्रमांक लागेपर्यंत 18 तास सहज निघून जातात. जवळच्या केंद्रात लावलेले साधे मलम शहरातील उशिरा झालेल्या तज्ज्ञ तपासणीपेक्षा डोळ्याचे अधिक रक्षण करू शकते. भक्तपूरच्या आकड्यांचा हा अर्थ पाव शतकानंतरही आपल्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर लिहिला गेलेला नाही.

याचा अर्थ तज्ज्ञाची गरज नाही असा कोणी काढू नये. दृष्टी मंदावली असेल, पारपटल पांढुरके दिसत असेल, वेदना वाढत असेल, गोंदाचा खडा निघत नसेल, डोळ्याला मारही लागला असेल, तर धुऊन, मलम लावून, त्याच दिवशी पुढे पाठवलेच पाहिजे. लहान मूल तपासू देत नसेल तर संपूर्ण भूल देऊन पापण्या मोकळ्या करण्याची वेळ येते आणि ते मोठ्या रुग्णालयाचेच काम आहे. अगदी लहान बाळाचा डोळा दीर्घकाळ बंद राहिला तर त्याच्या दृष्टीच्या विकासाला धोका असतो, म्हणून तेथे ‘आपोआप उघडेल’ हा धीर पुरेसा नाही. बाकीच्यांनीही दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करून घेतलीच पाहिजे. आग्रह एवढाच आहे की पाठवणे हे उपचाराच्या नंतरचे पाऊल असावे, उपचाराच्या जागी येणारे नसावे.

आणखी एक प्रश्न प्रत्येक परिचारिकेने विचारलाच पाहिजे: ‘नळी कुठे आहे?’ कारण सर्व गोंद एका जातीचे नसतात. दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून वापरायच्या इपॉक्सी गोंदातील कठीण करणारे द्रव्य अनेकदा तीव्र अल्कधर्मी असते आणि ते डोळा भाजते. तेथे एक ते चार दिवस वाट पाहण्याचा सल्ला घातक ठरेल. म्हणून नळी सोबत आणावी आणि शंका असेल तेथे पीएच पट्टीने डोळ्यातील अल्कता तपासावी.

अल्कता म्हटल्यावर चुन्याचा उल्लेख टाळता येत नाही. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी मुलाच्या हाती लागते, दाबताच फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. गोंद पृष्ठभागावर थिजतो, चुना मात्र ऊतींना विरघळवत आत शिरतो आणि पारपटलाच्या कडेच्या मूळपेशी नष्ट करतो. अशा डोळ्यांसाठी मूळपेशी रोपणाचे सोपे तंत्र हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत विकसित झाले आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झाले, यावरून भारतात या इजेचे ओझे केवढे आहे ते कळावे. भारतातील नेत्रतज्ज्ञ चुन्याच्या पुड्यांविषयी वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. तरीही चुन्याने गेलेला डोळा राष्ट्रीय बातमी होत नाही, कारण त्यात नवल नाही. चिकटलेल्या पापण्यांचे छायाचित्र नाट्यमय असते, पांढऱ्या पडलेल्या बुबुळाचे केवळ दुःखद असते. कोणत्या इजेला घाबरावे हे छायाचित्राच्या आकर्षकतेवरून ठरत असेल, तर ते विज्ञानवार्तेचे अपयश आहे. विशेष म्हणजे गोंद असो वा चुना, पहिले औषध एकच आहे: पाणी, लगेच, भरपूर. चुन्यासाठी तर अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक, आणि पापणी उलटून अडकलेले कण काढत. जो कर्मचारी गोंदाच्या रुग्णाला न धुता पुढे पाठवतो, तो उद्या चुन्याच्या रुग्णालाही तसाच पाठवील, आणि त्या वेळी वाटेतच डोळा जाईल. गोंदाचा किरकोळ वाटणारा अपघात म्हणूनच व्यवस्थेची खरी परीक्षा घेतो.

उरला प्रश्न नळीचा. युरोपीय संघाच्या रासायनिक लेबलांच्या नियमांत सायनोॲक्रिलेटसाठी स्वतंत्र इशारा सक्तीचा आहे: धोका, काही सेकंदांत त्वचा आणि डोळे चिकटवतो, मुलांपासून दूर ठेवा. आपल्याकडे पाच रुपयांच्या नळीवर सरगूरच्या आजीला कन्नडमध्ये आणि सावंतवाडीच्या आजीला मराठीत वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत हा इशारा असायला हवा. अक्षर न ओळखणाऱ्यांसाठी बंद डोळ्याचे चित्र हवे. गोंदाची बाटली आणि डोळ्यांच्या औषधाची बाटली बोटांनाही वेगळी लागेल, असा आकार हवा. नळीचा आकार लहान आहे, ही सबब चालणार नाही. जाहिरातीचे नाव ज्या नळीवर ठळकपणे मावते, त्या नळीवर इशाराही मावतो.

विद्यार्थ्यांसाठी यात एक कामही आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल आणि अल्क शिकवले जातात, बहुवारिकीकरणाच्या व्याख्या पाठ होतात. त्याच धड्यात दप्तरातल्या नळीचे उदाहरण दिले आणि ‘डोळ्यात गेले तर ओढू नका, धुवा’ एवढे वाक्य जोडले, तर रसायनशास्त्र प्रथमच घरी पोहोचेल. कंधमाळच्या वसतिगृहातील मुलांना गोंद टाकण्याची खोडी सुचली. त्या गोंदाचे डोळ्यात काय होते, हे त्यांना आधी कोणी सांगितले असते, तर कदाचित ती सुचली नसती.

पुढची नळी कुठेतरी उघडली जाणारच आहे. तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात कोणाला निलंबित करायचे, याची यादी तयार असण्यापेक्षा सलाइनची बाटली आणि ती वापरणारा शिकलेला हात तयार असावा. सरगूरच्या रुग्णाला म्हैसूरला जावे लागले तरी चालेल, पण त्याचा डोळा धुतलेला असला पाहिजे.